जित्या माणसाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा बाक आहे. लांबीला सहा फूट, रंगाने काळपट, तीन पाय जुने आणि एक नवा. बोरखिंडीच्या ग्रामपंचायतीच्या पडवीत माझा मुक्काम असतो. आमचं गाव आधी सातारा जिल्ह्यात होतं, मग दक्षिण साताऱ्यात गेलं आणि आता सांगलीत आहे. गाव जागचं तसूभर हललं नाही, जिल्हेच येत-जात राहिले.

ओढ्याकाठची एक बाभूळ वाऱ्याने आडवी झाली, तेव्हा नाथाजी सुताराने तिच्यातून मला घडवलं. नाथाजी तोंडाने फटकळ, पण हाताने देवमाणूस. शेवटचा रंधा मारून त्याने मला थोपटलं आणि म्हणाला, “सागवानाचा असतास तर मानसं पुसून ठेवत बसली असती. बाभळीचा हायस, आता जलमभर वज्जं वाहा.” त्याचं बोलणं खरं ठरलं. पाटील, तलाठी, देवीची लस टोचणारा, सगळे माझ्यावर बसले. सकाळी आठला येऊन माझ्या उजव्या टोकाला बसणारे आणि जेवायची हाक आल्याशिवाय न उठणारे हिंदुरावही त्यातलेच. मला त्याचं वाईट वाटत नाही. बाकाने बसणाऱ्यांची निवड करायची नसते.

पण एक दिवस मात्र मला अजून टोचतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पलटणीत भरती करणारे साहेब गावात आले. पोरांच्या छात्या मोजल्या, वजनं केली आणि निवडलेल्यांना बूट वाटले. धोंडिराम नावाचा उमदा गडी माझ्यावर बसला आणि त्याने जन्मात पहिल्यांदा पायात बूट घातला. उजवा बूट डाव्या पायात घातला म्हणून स्वतःच इतका हसला, की मी त्याच्याखाली हललो. त्याच रांगेत महारवाड्यातला सटवा होता. त्यालाही बूट मिळाले. पण तो खाली अंगणात, पावसाने ओल्या झालेल्या मातीत, एका पायावर तोल सांभाळत बूट चढवत होता. त्याला कोणी ‘बस’ म्हटलं नाही. माझ्यावर जागा होती, मित्रांनो. निम्मा बाक रिकामा होता.

दोघेही परत आले नाहीत. गावातल्या एकूण सात घरांत तारा आल्या.

जाण्याआधी धोंडिरामने इस्लामपूरला जाऊन वर्दीतला फोटो काढला होता. तार आल्यावर त्याच फोटोला चौकट बसली आणि चंदनाचा हार चढला. तेव्हा आमच्या गावात भिंतीवर जितके फोटो होते, तितक्या सगळ्यांना हार होते. त्यामुळे लोकांची पक्की समजूत झाली, की फोटो असतो तो मेलेल्या माणसाचा. धोंडिरामची बायको आक्काताई तर पुढेच गेली होती. ती म्हणायची, “आदी फोटू काढला, मग मानूस गेलं. फोटूनंच नेलं त्यास्नी.”

आक्काताईच्या घरात दोनच माणसं, ती आणि तिची नणंद बयाबाई. बयाबाईची दृष्टी लहानपणीच देवी येऊन गेलेली. शेत नव्हतं, पोरबाळ नव्हतं. धोंडिरामच्या मागे सरकारकडून मिळणारी पेन्शन, एवढ्यावर दोघींची चूल पेटायची. दर सहा महिन्यांनी आक्काताई पडवीत यायची, माझ्यापाशी जमिनीवर बसायची आणि कागदावर अंगठा उठवून जायची. माझ्यावर ती कधी बसली नाही. पुरुषांच्या देखत बाकावर बसणं तिला पटत नसे.

एकोणीसशे त्रेसष्ट साली भाद्रपदात वरून नवा हुकूम आला. ग्रामसेवक लालासाहेबांनी तो पडवीत वाचून दाखवला. लालासाहेब चष्मेवाले, कवठेकडचे, कागदात दोष काढणारे पण माणसात न काढणारे. कुठे कुठे म्हणे बाई मेली तरी तिचा अंगठा उठतच होता. म्हणून आता जुनी पुस्तकं बंद. नव्या पुस्तकावर बाईचा फोटो हवा, तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे, आणि ‘ही बाई तीच आहे आणि जिवंत आहे’ असा ग्रामपंचायतीचा दाखला हवा. तीस सप्टेंबरपर्यंत कागद सांगलीला पोचले नाहीत तर पेन्शन थांबणार.

आता बघा गंमत. सरकारला बाई जिवंत आहे हे कळायला फोटो हवा होता आणि आमच्या गावात फोटो निघाला की बाई मेली म्हणून समजायचं!

पेन्शन घेणाऱ्या सात विधवांपैकी सहा जणी एकमुखाने ‘न्हाई’ म्हणाल्या. लालासाहेबांनी समजावलं, हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

“मला मारायचं हाय व्हय तुमाला?” आक्काताई म्हणाली. “बयाचं कोन बघंल मग?”

“आवं आक्काताई, फोटो न्हाई काढला तर पेन्शन जाईल. मग बयाबाई काय खाईल?”

“ते देव बघंल.”

“देवाला आपल्या पंचायतीचा पत्ता ठाऊक न्हाई,” असं मागून कोणी तरी म्हणालं. ते होते सरपंच आप्पासो. आप्पासो उसाचा मळेवाला माणूस, दणकट, थोडा तापट, पण एकदा मनावर घेतलं की बैल थकावा पण ते थकू नयेत. त्यांनी त्याच दिवशी पंचायतीची सभा बोलावली आणि ठराव केला. फोटोग्राफर पंचायतीने आणायचा, खर्च पंचायतीचा, अर्ज लालासाहेबांनी लिहायचे आणि कागद सांगलीला पोचवायची जबाबदारी खुद्द सरपंचांची. “म्हातारीनं एस्टीत धक्के खात सांगलीला जायाचं, तर मग पंचायत कशाला हाय? हिंदुरावला बसाया?” असं ते म्हणाले. हिंदुरावांनी ऐकलं, पण उठले नाहीत.

एकोणीस तारखेला इस्लामपूरचा मानसिंग फोटोग्राफर तीन पायांचा कॅमेरा आणि काळं कापड घेऊन आला. मला अंगणात उजेडात ठेवलं. अख्खं गाव जमलं. त्या सहा जणी मात्र पदर नाकापर्यंत ओढून भिंतीला चिकटून उभ्या. मानसिंगने कापडाखाली डोकं घातलं, तशी आक्काताई म्हणाली, “बघा, त्येचं तोंड लपिवतोय आन आमाला तोंड दावा म्हंतोय.”

सगळे हसले. कोणी पुढे येईना. लालासाहेब रडकुंडीला आले. तेवढ्यात मागून एक बाई सरळ चालत पुढे आली. सटवाची बायको, मुक्ताबाई. छप्पन साली बुद्ध धम्म घेतल्यापासून त्यांच्या घरांनी गावकीची जुनी कामं सोडली होती. पडवीत कोणी हाक मारली तरी ती आता अदबीने खाली बघायची नाही.

“माझा काढा,” ती म्हणाली.

“अगं मुक्ता, फोटू हाय त्यो!” आक्काताई घाबरून ओरडली.

“फोटूनं मानूस मरतंय म्हंता न्हवं? मग माझं मालक कशानं मेलं? त्येंचा कवा कुनी फोटू काढलाच न्हाई. त्ये बिनफोटूचंच गेलं.”

मुक्ताबाई माझ्यापाशी आली आणि क्षणभर थांबली. मला वाटलं, हिलाही कोणी ‘बस’ म्हणणार नाही की काय. तेवढ्यात आप्पासो म्हणाले, “बस की मुक्ताबाई. बाकडं तुझंबी हाय.”

ती बसली. मित्रांनो, शेतात राबून वाळलेलं तिचं अंग, भार असा काही नव्हताच. तरी त्या दिवशी मला बाक असल्यासारखं वाटलं. बावीस वर्षांपूर्वी रिकामी राहिलेली ती निम्मी जागा माझ्या अंगात ठसठसत होती, ती जरा निवली. मानसिंगने बोटं वर केली, कॅमेऱ्याने टक् केलं आणि मुक्ताबाई उठून म्हणाली, “झालं? एवढंच?”

पण बाकीच्या सहा जणी तरीही हलेनात. त्यांनी आपसात कुजबुज केली आणि आक्काताईने निकाल दिला, “आठ दीस बघू. मुक्ता जगली तर आमी बसू.”

म्हणजे मरायचा मान आधी मुक्ताबाईला! आप्पासोंनी कपाळावर हात मारला. पण आठ दिवसांनी सत्तावीस तारीख येत होती. तीसला कागद पोचवता आले असते. मानसिंगला सत्तावीसला पुन्हा यायला सांगून गाव पांगलं.

त्या दिवसापासून मुक्ताबाईची राखण सुरू झाली. ज्यांनी जन्मात तिला ‘बरी आहेस का’ म्हणून विचारलं नव्हतं, ते सकाळ-दुपार विचारू लागले. विहिरीवर, रस्त्यात, भुईमुगाच्या शेतात. ती शिंकली तरी गावात बातमी. हिंदुराव तर माझ्यावर बसून दिवस मोजायचे, “तिसरा दीस, हाय अजून.” मुक्ताबाई एकदा पडवीत येऊन म्हणाली, “सरपंच, ह्या बायास्नी आवरा. इतकी वर्सं कुनी इचारलं न्हाई, आन आता मराया सवडबी दीनात.”

पाचव्या दिवशी ती भुईमूग काढायला गेली, पावसात भिजली आणि तिला ताप भरला.

गावात एकच बोंब झाली. “बगा, फोटूनं धरली!” आक्काताईने घराचं दार लावून घेतलं. आप्पासोंनी सायकलवाला पिटाळून इस्लामपूरहून डॉक्टर आणवला. डॉक्टर सुई टोचून म्हणाला, की ताप थंडीचा आहे, उतरेल, पण हिला ओल्या जमिनीवर निजवू नका. मुक्ताबाईच्या खोपटात भिंतीपर्यंत ओल आली होती आणि खाट नव्हती.

“बाकडं घ्या,” आप्पासो म्हणाले.

हिंदुराव आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी माझ्यावरून उठले. “बाकडं तिकडं न्यायाचं? आन मग परत चावडीत आननार?”

“बाकडं पंचायतीचं हाय आन पंचायत समद्यांची हाय. धरा एक पाय.”

आणि हिंदुरावांनी धरला, बरं का. एक पाय आप्पासोंनी, एक लालासाहेबांनी, एक नाथाजीने. भर दुपारी गावाच्या मधल्या रस्त्याने माझी वरात निघाली. ज्या वाटेने बाभळीचं लाकूड सोडा, गावातली काडीही कधी सन्मानाने गेली नव्हती, त्या वाटेने मी चार माणसांच्या हातांवर गेलो. मुक्ताबाईच्या घरात मला भिंतीशी ठेवलं, वर घोंगडं टाकलं आणि तिला निजवलं. तिच्या अंगाचा चटका मला घोंगड्यातून लागत होता. मी बाभळीचा, मला देव ठाऊक नाही, पण त्या दिवशी मी मनातल्या मनात पुष्कळ काही मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आक्काताई उभी. हातात झाकलेलं भांडं. उंबऱ्यापाशी ती घोटाळली. त्या उंबऱ्याच्या आत तिने कधी पाय टाकला नव्हता.

“हुलग्याचं माडगं हाय. गरम हाय तवर पी,” ती म्हणाली.

मुक्ताबाई अंगात ताप असतानाही हसली. “आत या की. बाहेरनं कसं पिऊ?”

आक्काताई आत आली. तिने मुक्ताबाईला धरून बसवलं, भांडं तोंडाला लावलं. अर्धं माडगं प्यायल्यावर मुक्ताबाईने विचारलं, “आक्काताई, खरं सांगा. माझ्यासाठी आलाय, का तुमच्या पेन्शनीसाठी?”

“पेन्शनीसाठी,” आक्काताई म्हणाली. “खोटं कशाला बोलू? तू गेलीस तर माझीबी छाती हुनार न्हाई फोटूला बसायची. मग बया आन मी उपाशी.” जरा थांबून तिने मुक्ताबाईच्या कपाळावर हात ठेवला. “पन तुझं तोंड बघितलं आन पेन्शन इसरले. एकटीच पडलीयास गं.”

मुक्ताबाईने कोपऱ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, “माठात पानी हाय. दमून आलाय, प्या.”

आक्काताईने माठाकडे पाहिलं. मी श्वास रोखला, म्हणजे लाकूड जेवढा रोखू शकतं तेवढा. तिने तांब्या बुडवला आणि घटाघटा प्यायली. नंतर ती माझ्यावर टेकली, मुक्ताबाईच्या पायाशी. तिला वाटलं असेल ही खाट आहे. मी तिला सांगायला गेलो नाही. पुढचे दोन दिवस ती सकाळ-संध्याकाळ येत राहिली आणि येताना बयाबाईचा हात धरून तिलाही आणू लागली.

सत्तावीसला सकाळी मुक्ताबाईचा ताप पूर्ण उतरला. ती स्वतःच्या पायांनी चालत पंचायतीत आली आणि तिच्या मागून मी, पुन्हा चौघांच्या हातांवर. मानसिंगने कॅमेरा मांडला. बाकीच्या पाचही जणींनी आक्काताईकडे पाहिलं. आक्काताईने मुक्ताबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाय मात्र पुढे पडेना.

तेव्हा बयाबाई मागून म्हणाली, “वैनी, बस. बसलीस तर एकवेळ तू मरशील. न्हाई बसलीस तर दोगीबी मरू. हिशेब कर.”

आक्काताई बसली. पदर कपाळापर्यंत मागे सारला, डोळे ताणून उघडे ठेवले. कॅमेऱ्याने टक् केलं. ती तशीच बसून राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, “मी हाय का?”

“हाईसा की,” मुक्ताबाई म्हणाली. “लय हाईसा!”

अंगणात असा हशा पिकला, की पिंपळावरचे कावळे उडाले. मग काय, उरलेल्या पाच जणींनी रांग लावली. माझ्यावरून एक उठतेय तोवर दुसरी बसतेय! लालासाहेब माझ्याच एका टोकाला कागद ठेवून दाखले लिहीत होते, ‘सदर बाई जिवंत असून’. आप्पासो सह्या करत होते. शेवटी हिंदुराव केस चपटे करून पुढे आले. “माझाबी एक काढ रं.” “तुमाला पेन्शन कसली?” मानसिंगने विचारलं. “पेन्शन न्हाई, पन मी हाय का न्हाई ते कळंल तरी,” ते म्हणाले. हे मात्र त्यांनी शहाण्यासारखं म्हटलं.

तीस तारखेला आप्पासो आणि लालासाहेब पहिल्या एस्टीने सांगलीला गेले. तिथली हकीकत आप्पासोंनी पडवीत शंभरदा सांगितली, म्हणून मला पाठ आहे. कचेरीतल्या कारकुनाने सातही फोटो पाहून विचारलं, “सगळ्या एकाच बाकावर कशा?” आप्पासो म्हणाले, “साहेब, पंचायत एकच हाय, बाकडंबी एकच. सात बायका मातूर जित्याजागत्या सात हाईत. मोजून घ्या.” कारकून हसला आणि त्याने सातही कागदांवर शिक्का मारला.

दिवाळी झाल्यावर नवी पुस्तकं आली. आमच्या पडवीत हलगी घुमली, गूळ-शेंगा वाटल्या. शेजारच्या गावांतल्या कित्येक बायकांची पुस्तकं राहिली होती. त्यांचे सरपंच आमच्याकडे विचारायला येऊ लागले, की तुम्ही हे जमवलं कसं? आप्पासो मिशीला पीळ देत माझ्याकडे बोट दाखवायचे. माझी छाती, म्हणजे फळी, त्या वेळी दोन बोटं रुंद झाली असेल.

त्याच दिवशी मानसिंगही आला होता. तो सामान बांधत असताना आक्काताई घरी गेली आणि भिंतीवरची धोंडिरामची चौकट पदराखाली झाकून घेऊन आली. माझ्यावर बसली. चौकट मांडीवर ठेवली. हसरा, वर्दीतला धोंडिराम, त्याच्या गळ्यात वाळलेला चंदनाचा हार. तिने तो हार हळूच काढला.

“ह्यो फोटू काढला तवा त्ये जितं हुतं,” ती म्हणाली. “हसत हुतं. इतकी वर्सं मी जित्या मानसाला हार घालून ठिवला.”

तिने डोळे पुसले आणि मानसिंगला म्हणाली, “आता आमचा जोडीनं काढ.” मग तिने मुक्ताबाईला हात धरून ओढलं. “तू बी बस. सटवा दाजींचं पदक आन.” मुक्ताबाईकडे नवऱ्याची तेवढीच एक खूण होती. ती धावत जाऊन घेऊन आली. एका बाजूला आक्काताई आणि धोंडिराम, दुसऱ्या बाजूला मुक्ताबाई आणि सटवाचं पदक. माझ्यावर चौघे बसले होते, मित्रांनो. एकही जागा रिकामी नव्हती.

तो फोटो आजही पंचायतीच्या भिंतीवर आहे. त्याला हार नाही.

पुढे पंचायतीत लोखंडी खुर्च्या आल्या आणि मी मागच्या अंगणात गेलो. सदुसष्टच्या भूकंपात भिंतीचा दगड माझ्यावर पडून एक पाय मोडला. कोणी तरी म्हणालं, याचं जळण करा. पण तोवर मुक्ताबाई पंचायतीत निवडून आली होती. ती भर सभेत खुर्ची सोडून उठली आणि म्हणाली, “आदी बाकडं आत आना, मग सभा.” नाथाजीने म्हातारपणी हात थरथरत असताना मला नवा पाय घातला. आता तिला खुर्ची असली तरी ती माझ्यावरच बसते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला रंग लावा, न लावा. पण वरून नवा नियम आला आणि एखाद्या आक्काताईला तो कळला नाही, तर तिला अडाणी म्हणून हसू नका. तिच्या दारापर्यंत बाक घेऊन जा, तिच्या शेजारी बसा, आणि बाकाची निम्मी जागा कोणासाठी रिकामी राहिलीय ते आधी बघा.

आणि हो, तो चंदनाचा हार. फोटो काढून झाल्यावर आक्काताईला तो कुठे ठेवावा ते सुचेना. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या पाठीच्या खांबाला अडकवला. हिंदुराव ओरडले, “अगं, बाकड्याला हार घातलास, आता बाकडं मरंल!”

ते होऊन सहा वर्षं झाली. हार अजून माझ्या गळ्यात आहे आणि आज सकाळपासून माझ्यावर अकरा माणसं बसून गेली.